मैदानावरून पडद्यावर
(तासगाव येथे रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



दिवसभर द्राक्षबागेत राबून तुम्ही आलात. हात दमलेले आहेत. तेव्हा पाटी घटकाभर बाजूला ठेवू आणि एका खेळाडूची हकिकत सांगू. परवा वर्गातले एक काका आम्हांला म्हणाले, "या वयात पाटी धरायची म्हणजे लाज वाटते हो." तेव्हापासून हा माणूस आमच्या मनात घोळतो आहे.

क्रिकेट आपल्याला परके नाही. विजय हजारे आपल्या सांगलीचेच. १९५२ साली भारताने पहिला कसोटी सामना जिंकला, तेव्हा कप्तान तेच होते. आजची गोष्ट मात्र शेजारच्या सोलापूरची.

सलील अंकोला यांचा जन्म १९६८ साली सोलापुरात झाला. अंगाने उंच, दिसायला देखणे, आणि चेंडू टाकायचे तो झपाट्याने. महाराष्ट्राकडून रणजी करंडकाचा पहिलाच सामना गुजरातशी होता. त्यात त्यांनी लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले! १९८९ च्या नोव्हेंबरात कराचीला ते पहिली कसोटी खेळले. सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकरचीही तीच पहिली कसोटी. सचिन पुढे दोनशे कसोट्या खेळला. अंकोलांना दुसरी मिळालीच नाही. एकदिवसीय सामने तेवढे वीस मिळाले.

मग दुखणे आले. उजव्या हाताने जोरात चेंडू टाकणारा धावत येतो आणि डावा पाय जमिनीवर आपटतो. साऱ्या अंगाचा भार त्या पायावर. नेमकी त्याच पायाच्या नडगीच्या हाडात गाठ झाली. १९९७ साली खेळ सुटला. वय अवघे अठ्ठावीस! आपल्याकडे या वयात माणूस कुठे संसाराला लागलेला असतो, आणि यांचा धंदाच बंद पडला.

आता काय करायचे? ते दूरदर्शनच्या मालिकांत आणि सिनेमात शिरले. दिसायला देखणे म्हणून काम सोपे गेले असेल, असे कुणाला वाटेल. पण विचार करा. गोलंदाजाला मैदानात भाषण करावे लागत नाही. इथे वाक्ये पाठ करायची, दिव्यांच्या उजेडात उभे राहायचे, चुकले की पुन्हा पहिल्यापासून. काल भारताकडून खेळलेला माणूस आज नवशिका! महेश मांजरेकर यांच्या 'कुरुक्षेत्र' (२०००) आणि 'पिताह' (२००२) या चित्रपटांत ते दिसले. पुढे शनिदेवाच्या मालिकेत सूर्यदेव झाले.

सगळे गोड झाले असे मात्र नाही, बरं का. खेळ सुटल्याचे दुःख आत राहिले. क्रिकेटचा सामना पाहणेही त्यांना नकोसे झाले. दारूचे व्यसन लागले, उपचार घ्यावे लागले. हे त्यांनी स्वतःच उघडपणे सांगितले आहे. आम्हांला त्यांच्या तीन गड्यांपेक्षा या सांगण्याचे मोल जास्त वाटते.

२०२० साली ते मुंबईच्या निवड समितीचे प्रमुख झाले, आणि २०२३ साली भारताचा संघ निवडणाऱ्या समितीत गेले. ज्या खेळाकडे पाहवत नव्हते, त्यातलीच पोरे पारखायला बसले.

बरे, आता पाट्या घ्या. काका, आज पहिला शब्द तुम्ही लिहायचा. लिहा, 'चेंडू'. च वर मात्रा आणि अनुस्वार.