गोळी घेऊनही आवाज राहतात तेव्हा

(वाकड येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)



मला दिलेला विषय 'मानसिक आरोग्य आणि मुस्लिम युवक' असा आहे. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी एकाच गोष्टीवर बोलतो, कारण ती रोजची आहे. मला आवाज ऐकू येतात. स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन बारा वर्षं झाली. गोळ्या नियमित घेतो. चाकणला एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी करतो. आणि आवाज अजूनही येतात. पूर्वीइतके नाहीत, पण येतात.

हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. अम्मीने विचारला, मामूंनी विचारला, सुपरवायझरनेही विचारला: मग गोळ्यांचा उपयोग काय?

प्रश्न साधा आहे, पण यावर आपल्याकडे माणसं बरबाद होतात. कारण त्याचं उत्तर घरात कुणीतरी परस्पर देऊन टाकतं. 'डॉक्टरच्या हातात असतं तर एव्हाना बरं झालं असतं, म्हणजे हे बाहेरचंच आहे.' मग गोळ्या बंद होतात आणि आमीलच्या फेऱ्या सुरू होतात. किंवा पोरगा स्वतःच ठरवतो की वजन वाढतंय, झोप येते, तोंडाला लाळ सुटते आणि आवाज तर आहेतच, मग कशाला खायच्या? म्हणून आज याच प्रश्नाचं उत्तर नीट देऊ.

मेंदूत डोपामीन नावाचं एक रसायन असतं. कोणती गोष्ट महत्त्वाची, कशाकडे लक्ष द्यायचं, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. या आजारातल्या बहुतेक गोळ्या डोपामीनचा जोर कमी करतात. पहिली अशी गोळी, क्लोरप्रोमाझीन, 1952 मध्ये वापरात आली. बऱ्याच जणांचे भास गोळीने पूर्ण थांबतात. पण साधारण एक तृतीयांश रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांनी पुरेसा फरक पडत नाही. हे कुणाच्या श्रद्धेचं किंवा इच्छाशक्तीचं अपयश नव्हे. सगळ्या जगात, सगळ्या धर्मांच्या माणसांत असंच आहे.

पुरेसा फरक नाही म्हणजे काहीच फरक नाही, असंही नाही. गोळीआधी माझ्या डोक्यात जे चालायचं ते भरलेल्या पीएमपीच्या बसमध्ये सगळे एकदम माझ्याबद्दलच बोलतायत असं होतं, आणि ते खरं आहे याची मला खात्री होती. आता बाजूच्या खोलीत कुणीतरी टीव्ही लावून ठेवलाय, असं असतं. आवाज तोच आहे, पण त्याचा हुकूम चालत नाही. आवाज येणं ही एक गोष्ट आणि त्यावर विश्वास बसणं ही दुसरी. गोळीने माझी दुसरी सुटली. एवढ्यावर मी नोकरी करतो, ईएमआय भरतो आणि भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये इतरांसारखाच चिडतो.

एक गोष्ट घरी जाऊन सांगा. दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी किमान सहा आठवडे घेऊनही फरक पडला नाही, तर डॉक्टरांना क्लोझापीनबद्दल विचारायचं. अशा रुग्णांवर सगळ्यात जास्त पुरावा याच औषधाचा आहे. 1988 मध्ये अमेरिकेत जॉन केन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इतर औषधांनी बरे न झालेल्या रुग्णांपैकी 30 टक्के क्लोझापीनवर सुधारले, जुन्या औषधावर फक्त 4 टक्के. मग ते सर्रास का देत नाहीत? कारण ते क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक इतक्या कमी करतं. 1975 मध्ये फिनलंडमध्ये त्यामुळे मृत्यू झाले होते. म्हणून सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. पेशंट तपासणीला येणार नाही, असं गृहीत धरून काही डॉक्टर विषयच काढत नाहीत. तो आपण काढायचा. हे घेणाऱ्याने बद्धकोष्ठतेकडे दुर्लक्ष करायचं नाही, ती जिवावर बेतू शकते. आणि विडी-सिगारेट ओढणारा असेल तर हेही माहीत हवं: तंबाखूच्या धुराने हे औषध शरीरातून लवकर निघून जातं. सिगारेट एकदम सोडली की त्याच डोसची रक्तातली पातळी वाढते. सिगारेट सोडायचीच, पण डॉक्टरांना सांगून.

क्लोझापीन घेऊनही आवाज राहणारे लोक आहेत. मी त्यांच्यातलाच. आमच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण आमची गोष्ट 'बरा झाला' मध्ये बसत नाही आणि 'वाया गेला' मध्येही बसत नाही.

हे आवाज असतात तरी काय? शास्त्रज्ञांच्या मते बऱ्याचदा ती आपलीच मनातल्या मनातली बोली असते, पण 'हे मीच बोललो' ही खूण मेंदूकडून लागायची राहते. म्हणून ती परकी वाटते. त्यात घर उतरतं. टान्या लुर्मन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी चेन्नई, घानातलं अक्रा आणि अमेरिकेतलं सॅन माटेओ इथल्या प्रत्येकी वीस रुग्णांशी बोलून 2015 मध्ये निष्कर्ष मांडले. अमेरिकेतल्या लोकांचे आवाज जास्त हिंसक, अनोळखी. चेन्नईत निम्म्याहून अधिक लोकांना नातेवाईकांचे आवाज येत होते, आणि ते कामं सांगत होते. हे वाचून मी हसलो. माझा एक आवाज आमच्या फुफीच्या थाटात दखनीत बोलतो आणि नळ बंद केला का म्हणून विचारतो. दुसरा मात्र तसा नाही. तो शिव्या देतो.

मग रोजचं कसं चालतं? नेदरलँड्समध्ये मारियुस रोम नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांची एक पेशंट, पॅट्सी हेग, त्यांना म्हणायची की तुम्ही माझ्या आवाजांबद्दल काही विचारतच नाही. 1987 मध्ये ते दोघे टीव्हीवर गेले आणि आवाज ऐकू येणाऱ्या लोकांना फोन करायला सांगितलं. शेकडो फोन आले. त्यात असेही होते जे आवाजांसकट नीट जगत होते. तिथून आवाज ऐकणाऱ्यांचे गट सुरू झाले, आणि अशा गटांतूनच बऱ्याच युक्त्या एकाकडून दुसऱ्याकडे गेल्या.

युक्त्या अगदी साध्या आहेत. मोठ्याने वाचणं किंवा गुणगुणणं: तोंड आणि घसा दुसऱ्या कामाला लागले की अनेकांचे आवाज मंदावतात. एका कानात इअरफोन. बाहेर असताना उत्तर द्यावंसंच वाटलं तर मोबाईल कानाला लावून बोलायचं, वाकडमध्ये निम्मी माणसं तशीच चालत असतात. आवाजाला वेळ देणं: 'आता काम आहे, रात्री नऊला ये.' ऐकायला विचित्र वाटेल, पण माझ्या बाबतीत चालतं. तिलावतचं विचाराल तर मोठ्याने केलेली तिलावत मला उपयोगी पडते. पण ज्याच्या आवाजांचा विषयच गुनाह आणि जहन्नुम आहे, त्याला चोवीस तास रुकय्याच्या क्लिप ऐकवून घरच्यांनी हाल केलेले मी पाहिलेत. सगळ्यांना एकच उपाय लावू नका.

आणि झोप. आपल्या पट्ट्यात हा मोठा प्रश्न आहे. चाकण, भोसरी, तळवडे इथे दर आठवड्याला शिफ्ट बदलते आणि मोडलेल्या झोपेवर हा आजार वाढतो. 'रात्रपाळी टाळावी' एवढं पत्र डॉक्टर देतात. त्यात आजाराचं नाव असलंच पाहिजे असं नाही. कंत्राटी पोराचं असं पत्र कुणी मानत नाही, हेही मला माहीत आहे. संघटना म्हणून आपण बोलायची जागा तीच आहे.

आता दर्ग्याकडे येतो. इथे मी काय म्हणणार याची काही जण वाटच बघत असतील.

जिन्नांवर विश्वास ठेवायचा की नाही, हा आजचा वाद नाही. दर्ग्यावर जाऊन माणसाला बरं वाटत नाही, असंही मी म्हणणार नाही. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर आणि मधुरा लोहोकरे यांनी महाराष्ट्रातल्या दर्ग्यांचा अभ्यास करून 2009 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लेख लिहिला. मानसिक त्रासातून जाणाऱ्यांना दर्ग्यात आसरा कसा मिळतो, हे त्यांनी गंभीरपणे पाहिलं. गुजरातमध्ये उनाव्याला मीरा दातारच्या दर्ग्यात तर 'दवा-दुआ' नावाचा उपक्रमच चालला. मुजावर स्वतः लोकांना डॉक्टरकडे पाठवायचे, डॉक्टर दर्ग्याच्या आवारातच बसायचे. असं काम आपल्याकडेही उभं करता येईल.

पण दुसरं चित्रही आपलंच आहे. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडीत, दर्ग्याच्या आसऱ्याने मनोरुग्णांना ठेवण्याची खासगी घरं चालायची. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे त्यातल्या एकाला आग लागली. माणसं साखळीने बांधलेली होती. 28 जण गेले. त्यांच्या घरच्यांनी त्यांना तिथे बहुधा प्रेमानेच नेऊन सोडलं असेल. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने माणसाला कुठेही, कसंही साखळीने बांधणं बेकायदा ठरवलं. महाराष्ट्रात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तावीज बांधा, दुआ मागा. पण 'आधी गोळ्या बंद कर, मग माझा इलाज' असं म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा. औषध घ्यावं का, असं विचारणाऱ्यांना पैगंबरांनी घ्या म्हणून सांगितलं, ही हदीस आपल्या सगळ्यांच्या घरी माहीत आहे. कैरोत सुलतान कलावूनने 1284 मध्ये बांधलेल्या इस्पितळात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता. तेही आपलंच.

रमजानचं थोडक्यात. आजाऱ्याला रोज्याची सूट कुरआनातच आहे. ज्याला ठेवायचेच आहेत त्याने महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावं. दिवसातून एकदाची गोळी बहुतेक वेळा इफ्तारनंतर नेता येते, काही गोळ्या भरल्या पोटीच लागू पडतात. लिथियम घेणाऱ्याने मात्र विशेष जपावं. अंगातलं पाणी कमी झालं की त्याची विषबाधा होऊ शकते. आणि मोहल्ल्यातल्या लोकांनी 'रोजा नाही का?' हा प्रश्न विचारणं एक वर्ष सोडून बघावं.

लग्नाचं तुम्ही विचारणारच. लपवून निकाह लावू नका. गोळ्या लपवाव्या लागतात, मग चुकतात, आणि तिसऱ्या महिन्यात सगळं उघडं होतं तेव्हा त्या मुलीचा कुणावरच भरवसा राहत नाही. नवरा दोन वर्षं वेडा असेल तर 1939 च्या कायद्याने मुस्लिम स्त्रीला घटस्फोट मागता येतो आणि तो हक्क योग्यच आहे. माझा स्वतःचा रिश्ता दोनदा मोडला, दोन्ही वेळा मी आधी सांगितलं म्हणून. तिसऱ्या वेळी समोरून एकच प्रश्न आला: गोळी कोण आणतो, तुम्ही की तुमची अम्मी? आज आमच्या लग्नाला चार वर्षं झाली. गोळी मीच आणतो.

हक्कांचं सांगायचं तर मानसिक आजार 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वात येतो. 40 टक्के किंवा जास्त असेल तर प्रमाणपत्राचा उपयोग होतो. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं, असं 2017 चा कायदा सांगतो. पुढे कधी तब्येत बिघडली तर काय उपचार हवेत, काय नकोत आणि आपल्या वतीने कुणी बोलायचं, हे आधीच लिहून ठेवता येतं. आणखी एक कलम आपल्या कामाचं आहे: एखाद्याच्या धार्मिक श्रद्धा किंवा चालीरीती समाजाशी जुळत नाहीत, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

पुण्यात या विषयावर कामही झालं आहे. डॉ. जगन्नाथ वाणींनी 'सा', म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2004 चा 'देवराई' बघा, अतुल कुलकर्णीने केलेला शेष बघा. त्याहून जास्त त्याच्या बहिणीकडे बघा. पुण्याच्याच रेश्मा वल्लियप्पन यांच्यावर 'अ ड्रॉप ऑफ सनशाइन' हा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला माहितीपट आहे. त्यांनी औषधांशिवायची वाट निवडली. त्यांची हिंमत मला मान्य आहे, वाट माझी नाही. माहितीपट बघून कुणी उद्या गोळ्या फेकू नका. त्या एकदम बंद केल्या की आजार बहुधा जास्त जोराने उलटतो.

शेवटचं, धोक्याचं. आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगू लागला, दोन-तीन रात्री झोप नाही, जेवणात काही घातलंय असं वाटू लागलं, तर वाट बघायची नाही. पिंपरीचं वायसीएम आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे. रात्री दोन वाजता 14416 वर फोन लागतो. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. अशा वेळी त्या माणसाशी 'असं काही नाहीये' म्हणून वाद घालू नका. 'तुला ऐकू येतंय, मला येत नाही, पण तू घाबरलायस हे दिसतंय,' एवढं म्हणा आणि सोबत जा.

मला या भागात महिन्यातून एकदा बसायला एक खोली हवी आहे. आवाज ऐकणारे आणि त्यांच्या घरचे, दहा-बारा जण मावतील एवढी. मस्जिदीच्या वरची असो, शाळेची असो, कुणाच्या क्लासची असो. रविवारी सकाळची वेळ चालेल, कारण तेव्हा फर्स्ट शिफ्टवालेही मोकळे असतात. ज्यांना माहीत असेल त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा. प्रश्नही तेव्हाच घेतो, इथे सगळ्यांसमोर विचारायचे नसतील तर.