ताप नाही म्हणून संसर्ग नाही?



लघवीच्या तक्रारी हा घराघरांतून दबक्या आवाजात बोलला जाणारा विषय. मधुमेही वृद्धांना ही भीड महागात पडते. अनेक वर्षांच्या मधुमेहाने मूत्राशयाच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते. ते भरल्याची जाणीव उशिरा होते आणि पूर्ण रिकामेही होत नाही. मागे उरलेल्या लघवीत जंतूंना आयते घर मिळते. पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी त्यात भर घालते. स्त्रिया तर प्रवासात स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने पाणीच पीत नाहीत.

संसर्ग मूत्राशयातून मूत्रपिंडापर्यंत चढला, तरी वृद्धांना पुष्कळदा ना जळजळ, ना ताप. कालपर्यंत वर्तमानपत्र वाचणारी आजी आज नातवाला ओळखत नाही, ताट बाजूला सारते, उठताना तिचा तोल जातो. घरचे म्हणतात, वय झाले. अशा भ्रमाला इतरही कारणे असतात, रक्तातील साखर उतरणे हे त्यांतले एक. म्हणून साखर तत्काळ तपासावी आणि रुग्णालय गाठावे. जंतू रक्तात पसरले तर काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो.

याचे एक विरळा, पण भीषण रूप आहे. आंबवलेले इडलीचे पीठ जसे वायूने फुगते, तसे ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला हे जंतू ऊतींतील ग्लुकोज आंबवतात आणि मूत्रपिंडातच वायू साठतो. असे बहुसंख्य रुग्ण मधुमेहीच असतात. सीटी स्कॅनमध्ये हा वायू स्पष्ट दिसतो. पूर्वी बहुधा मूत्रपिंडच काढून टाकावे लागे. आता वेळेत आलेल्या अनेकांच्या त्वचेतून नळी घालून पू व वायू बाहेर काढतात आणि प्रतिजैविकांच्या जोडीने मूत्रपिंड वाचवतात.

दुकानातून परस्पर आणलेल्या दोन गोळ्यांनी मात्र घोटाळा होतो. लघवीचा नमुना कल्चरसाठी देण्याआधीच प्रतिजैविक पोटात गेले, तर जंतू कोणता हे कळणे अवघड होते. उलट, काहीही तक्रार नसताना केवळ अहवालात जंतू आढळले, तर मधुमेही वृद्धालाही सहसा प्रतिजैविक लागत नाही. मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरली असेल तर गोष्ट वेगळी. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आजारपणात त्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.