‘स्टडी’ आणि ‘लर्न’

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात दिलेले व्याख्यान)



बक्षीस समारंभात पाहुण्याने फार लांब बोलू नये, हा चांगला संकेत आहे. समोर बसलेल्या मुलांचे लक्ष माझ्याकडे नसून टेबलावर मांडलेल्या बक्षिसांकडे आहे, हे मला इथून स्पष्ट दिसते. माझी सारी नोकरी इंग्रजी शिकविण्यात गेली. तेव्हा आज मी फक्त दोन इंग्रजी क्रियापदांबद्दल बोलणार आहे. एक ‘स्टडी’ आणि दुसरे ‘लर्न’. दोन्ही शब्द पाचवीच्या मुलालाही ठाऊक आहेत. मग त्यांच्यावर व्याख्यान कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी आखातातील नोकरीच्या मुलाखतीसाठी मुंबईला गेला. मुलगा कष्टाळू. दहावीनंतर त्याने विजेच्या कामाचा दोन वर्षांचा कोर्स पुरा केला होता. मुलाखत घेणाऱ्याने विचारले, “व्हेअर डिड यू स्टडी?” मुलाने संस्थेचे नाव सांगितले. पुढचा प्रश्न आला, “अँड व्हॉट डिड यू लर्न देअर?” मुलाने पुन्हा संस्थेचे नाव सांगितले. त्या गृहस्थाने प्रश्न सावकाश पुन्हा विचारला. तेव्हा याने आपली टक्केवारी सांगितली. पुढे विचारायचे काही उरलेच नाही.

गावी परत आल्यावर तो मला भेटायला आला आणि म्हणाला, “सर, दोन्ही वेळा त्यांनी एकच तर विचारलं ना?” मी त्याला फरक समजावून सांगितला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “असं होतं तर सांगितलं असतं की सर! मला मोटार रिवाइंडिंग येतं, घराचं पूर्ण वायरिंग येतं, पंपाचा बिघाड शोधता येतो.”

मित्रहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलाच्या हातात हुन्नर होता. केवळ एका क्रियापदासाठी तो हातातच राहिला. आणि हे क्रियापद त्याला शिकविले कोणी? मीच. तीन वर्षे तो माझ्या वर्गात होता. फळ्यावर शब्दार्थ लिहून देताना मी ‘स्टडी म्हणजे शिकणे’ आणि ‘लर्न म्हणजेही शिकणे’ असेच लिहीत आलो होतो. चूक त्याची नव्हती, माझी होती. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या चुकीची उशिरा केलेली दुरुस्ती समजा.

आता मूळ विषयाकडे येतो. ‘स्टडी’ म्हणजे ज्ञानासाठी केलेला प्रयत्न. पुस्तक उघडणे, वर्गात बसणे, टिपणे काढणे, परीक्षेची तयारी करणे, हे सारे ‘स्टडी’. ‘लर्न’ म्हणजे त्या प्रयत्नाचे फळ. जी गोष्ट काल येत नव्हती ती आज येऊ लागली, जे ठाऊक नव्हते ते ठाऊक झाले, की ते ‘लर्न’ झाले. म्हणून इंग्रजीत “आय स्टडीड ऑल नाइट, बट आय लर्न्ड नथिंग” हे वाक्य अगदी बरोबर आहे. रात्रभर पुस्तक पुढ्यात होते, डोक्यात काही गेले नाही. उलट, अजिबात ‘स्टडी’ न करताही माणूस पुष्कळ काही ‘लर्न’ करतो. लहान मूल बोलायला शिकते ते काही व्याकरण वाचून नव्हे.

आपली अडचण अशी की मराठीत ‘शिकणे’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. “मुलगा कॉलेजात शिकतो” आणि “मुलगा पोहायला शिकला” ही दोन्ही वाक्ये आपण सारख्याच सहजतेने बोलतो. त्यामुळे मराठी माध्यमाचा विद्यार्थी लिहितो, “आय ॲम लर्निंग इन टेन्थ स्टँडर्ड”. हे चूक आहे. इयत्ता, शाळा आणि कॉलेज यांच्याबरोबर ‘स्टडी’ हवे: “आय ॲम स्टडीइंग इन द टेन्थ स्टँडर्ड”. ज्यांच्या घरी उर्दू आहे त्यांची चूक वेगळी. उर्दूत ‘पढ़ना’ म्हणजे वाचणेही आणि शिक्षण घेणेही. म्हणून तो मुलगा लिहितो, “आय ॲम रीडिंग इन टेन्थ क्लास”. गंमत अशी की इंग्लंडच्या विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्याबद्दल “ही इज रीडिंग लॉ” असे खरोखरच म्हणतात. पण तो तिथला खास प्रयोग आहे. शाळकरी मुलाने ‘स्टडी’च वापरावे.

आता उपयोगाचे काही नियम सांगतो. विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावेत.

एक. एखादे कौशल्य अंगी येण्याबद्दल बोलायचे असेल तर ‘लर्न’. “लर्न टू स्विम”, “लर्न टू ड्राइव्ह”, “लर्न हाउ टू कुक”. इथे ‘स्टडी’ चालत नाही. विहिरीत कमरेला दोरी बांधून तुम्ही पोहायला शिकलात, ते ‘लर्न’. काठावर बसून पोहण्यावरचे पुस्तक वाचलेत, ते ‘स्टडी’.

दोन. परीक्षेसाठी नेहमी ‘स्टडी’. “आय ॲम स्टडीइंग फॉर द एक्झाम”. कोणा गुरूच्या हाताखाली शिक्षण घेतले तर “स्टडी अंडर” म्हणावे.

तीन. एखादी गोष्ट बारकाईने पाहणे, तपासणे यालाही ‘स्टडी’ म्हणतात. डॉक्टर एक्स-रे ‘स्टडी’ करतो, इंजिनिअर नकाशा ‘स्टडी’ करतो. “प्रस्तावाचा अभ्यास करून निर्णय घेऊ” या सरकारी वाक्यातला अभ्यास तो हाच.

चार. बातमी कळणे यासाठी ‘लर्न’ वापरतात. “आय लर्न्ड दॅट माय फादर हॅड रीच्ड दुबई” म्हणजे अब्बा दुबईला पोहोचल्याचे मला कळले. मराठीतील ‘शिकणे’ आणि ‘कळणे’ हे दोन्ही अर्थ या एका शब्दात आहेत.

पाच. अनुभवातून आणि चुकांतून माणूस ‘लर्न’ करतो. धडा घेणे म्हणजे “लर्न अ लेसन”.

सहा. ‘शिकणे’ आणि ‘शिकवणे’ यांची गल्लत करू नका. “माय ब्रदर लर्न्ड मी सायकलिंग” असे मुले लिहितात. जुन्या इंग्रजीत ‘लर्न’चा अर्थ शिकवणे असाही होता. आज तो अशिष्ट मानला जातो. तिथे ‘टीच’च हवे.

दोन्ही शब्द चालतील अशीही जागा आहे. “शी इज स्टडीइंग इंग्लिश” आणि “शी इज लर्निंग इंग्लिश” ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, पण त्यांचा अर्थ तंतोतंत एक नाही. पहिल्या वाक्यातून कळते की तिने इंग्रजी हा विषय घेतला आहे, ती कविता, निबंध, व्याकरण यांचा अभ्यास करीत आहे. दुसऱ्यातून कळते की तिला इंग्रजी बोलता-लिहिता येऊ लागले आहे.

एका ठिकाणी मात्र माझा नियम लंगडा पडतो, तेही प्रामाणिकपणे सांगतो. पाठ करण्याला इंग्रजीत “लर्न बाय हार्ट” म्हणतात, मग अर्थ कळलेला असो वा नसो. भाषा गणितासारखी काटेकोर नसते. नियम हाताशी ठेवावा आणि अपवाद लक्षात ठेवावा.

हा फरक कायमचा ध्यानात राहावा म्हणून एक सोपे उदाहरण देतो. रत्नागिरीच्या रस्त्यावर ‘एमएच ०८’ची पाटी आणि तिच्या शेजारी लाल रंगाचे इंग्रजी ‘एल’ अक्षर लावलेली स्कूटर तुम्ही पाहिली असेल. तो ‘एल’ म्हणजे ‘लर्नर’. ‘स्टुडंट’चा ‘एस’ तिथे का नाही? वाहतुकीच्या खुणा आणि नियम वाचून, परीक्षेत उत्तरे देऊन तो शिकाऊ परवाना मिळतो. म्हणजे त्या कागदासाठी ‘स्टडी’ लागला. पण पक्का परवाना तेवढ्यावर मिळत नाही. निदान 30 दिवस थांबावे लागते, सहा महिन्यांच्या मुदतीत गाडी प्रत्यक्ष चालवून दाखवावी लागते. तिथे निरीक्षक तुम्हाला किती टक्के पडले असे विचारीत नाही. गाडी येते की नाही, एवढेच पाहतो. म्हणजे पहिली परीक्षा ‘स्टडी’ची, दुसरी ‘लर्न’ची. माझ्या त्या विद्यार्थ्याला मुलाखतीत दुसऱ्या परीक्षेचा प्रश्न विचारला होता आणि त्याने पहिल्या परीक्षेचे उत्तर दिले.

शब्दांची मुळे पाहिली तर आणखी मौज आहे. ‘स्टडी’ आणि ‘स्टुडंट’ हे शब्द लॅटिनमधील ‘स्टुडियम’पासून आले. त्याचा अर्थ उत्सुकता, मनाची ओढ. आपला ‘विद्यार्थी’ म्हणजे विद्येची इच्छा धरणारा. ‘तालिब-ए-इल्म’ म्हणजे इल्म मागणारा, त्याचा शोध घेणारा. तीन भाषांतील तीन शब्द, एकमेकांपासून कितीतरी दूर जन्मलेले, पण तिघांतही पुस्तक नाही, परीक्षा नाही, मार्क नाहीत. आहे ती ओढ. ‘शिकणे’चे मूळ संस्कृत ‘शिक्ष्’ या धातूत आहे, आणि तो ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे यापासून झाला. शिकणे म्हणजे समर्थ होऊ पाहणे. ‘अभ्यास’ म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणे, गवयाच्या रियाजासारखी. इंग्रजी ‘लर्न’चे नाते भाषेचे जाणकार माग किंवा वाट या अर्थाच्या एका जुन्या शब्दाशी जोडतात. कोणाच्या तरी पावलांचा माग काढीत जाणे, असा त्याचा भाव.

याचा अर्थ ‘लर्न’ मोठे आणि ‘स्टडी’ लहान, असा मात्र कोणी घेऊ नये. आपल्याच गावात दोन्हींची ठिकाणे आहेत. मिरकरवाड्याच्या बंदरावर तांडेलाचा मुलगा बापाबरोबर समुद्रावर जाता जाता वारा, पाणी, जाळे सारे शिकतो. ते ‘लर्न’. आणि शिरगावला 1981 साली सुरू झालेले मत्स्य महाविद्यालय आहे. तिथे माशांची वाढ, त्यांचे रोग, पाण्याचे गुणधर्म यांचा ‘स्टडी’ चालतो. मासळी कुठे लागते हे तांडेलाला ठाऊक असते. ती कमी का झाली हे शोधायला अभ्यासक लागतो. बंदरावरचा मुलगा त्या महाविद्यालयात पोहोचला तर त्याच्याजवळ दोन्ही असतील. तो पोहोचावा यासाठीच तर आपल्यासारख्या संस्था आहेत.

आता पालकांना दोन शब्द. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते. 2000 सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून आहे. म्हणजे दहावीपर्यंत मूल दहा वर्षे इंग्रजीचा ‘स्टडी’ करते. तरीही पाहुण्यासमोर दोन वाक्ये बोलायची वेळ आली की ते आईच्या मागे लपते. याचे एक कारण आपल्या घरात आहे. संध्याकाळी आपण विचारतो, “अभ्यास केलास का?” मूल म्हणते, “केला.” विषय संपला. आखातातून वडिलांचा फोन येतो, तेही विचारतात, “कितवा नंबर आला?” त्याऐवजी कधी तरी विचारून पाहा, “आज काय नवीन शिकलास? मला सांग बघू.” सांगता सांगता ते मूल स्वतःच ओळखील की काय आले आणि काय नुसते वाचले. ज्या आईचे शिक्षण चौथीत थांबले तिलाही हा प्रश्न विचारता येतो. त्याला पदवी लागत नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आज तुमच्यापैकी काहींना बक्षिसे मिळतील. ती तुमच्या अभ्यासाची आहेत, अभिमानाने घ्या. ज्यांना मिळणार नाहीत त्यांनीही खाली मान घालू नये. घरी जाऊन वहीच्या शेवटच्या पानावर मधोमध एक रेघ ओढा. एका बाजूस ‘आय स्टडीड’ लिहा आणि दुसऱ्या बाजूस ‘आय लर्न्ड’. वर्षभरात काय वाचले ते पहिल्या बाजूस, काय येऊ लागले ते दुसऱ्या बाजूस. आईकडून शिकलेली भाकरी, बागेत शिकलेले कलम बांधणे, दुकानात शिकलेला हिशेब, हे सारे दुसऱ्या बाजूस लिहायला लाजू नका. उद्या कोणी परका माणूस टेबलापलीकडून विचारील, “व्हॉट डिड यू लर्न?” तेव्हा शाळेचे नाव सांगू नका. ते पान आठवा आणि बोला.

माझ्या त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे तुमच्या मनात असेल. पुढच्या मुलाखतीच्या आधी तो चार दिवस संध्याकाळी माझ्याकडे येत होता. “आय लर्न्ड टू...” अशी सुरुवात करून त्याने वीस वाक्ये तयार केली. त्याला नोकरी लागली. त्याची ती वाक्ये शुद्ध होती, पण मुख्य म्हणजे खरी होती.