केन्याची तिसरी पाकळी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी आज केन्याबद्दल बोलणार आहे. हसू नका! नांदेड-लातूरकडच्या सोयाबीनवाल्यांच्या कपाळाला केना म्हटलं की आठ्या पडतात. उपटून टाकला तरी ओल मिळताच कांडीला मुळ्या फुटतात. मीही त्याच्यावर चिडणाऱ्यांतलाच.

सातवीत विज्ञानाच्या बाईंनी कुंपणालगतचं ते निळं फूल हातात देऊन पाकळ्या मोजायला लावल्या होत्या, आठवतं? आपण सगळ्यांनी 'दोन' लिहिलं. बाई म्हणाल्या, "नीट बघा." खाली तिसरी होती, लहान आणि फिकट. पुढे वाचनात आलं की केन्याचं शास्त्रीय नाव 'कॉमेलिना' हे डच कॉमेलिन घराण्यावरून पडलं. लिनिअसने १७३७ मध्ये लिहिलं, की दोन ठसठशीत पाकळ्या म्हणजे नाव कमावलेले दोन वनस्पतिशास्त्रज्ञ. तिसरी म्हणजे काही करून दाखवण्याआधीच वारलेला तिसरा.

या फुलात मधुरस नसतो. वरचे पिवळे केसर नुसता देखावा. कामाचे पराग खालच्या केसरांत. पिवळ्या रंगाला भुलून छोट्या मधमाश्या, फुलमाश्या येतात आणि पराग घेऊन जातात. सकाळी उमललेलं फूल दुपारपर्यंत मिटतं. कुणीच आलं नाही तरी केन्याचं अडत नाही. त्याची काही फुलं जमिनीखाली, न उमलताच बी धरतात.

अडतं ते आपलं. सूर्यफुलाचे दाणे भरायला मधमाशी लागते. कितीतरी फुलमाश्यांच्या अळ्या मावा खातात, आणि करडईवरचा मावा काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. मी मात्र बरीच वर्षं थेट धुऱ्यापर्यंत तणनाशक मारलं. एका साली सूर्यफूल लावलं, तर मधले दाणे पोचट निघाले. केवळ केना मारल्यामुळे असं झालं, असं मी म्हणत नाही. पण सकाळी धुऱ्यावर उभा राहिलो, तेव्हा कुठेच गुणगुण नव्हती.

आता पिकातला केना खुरपून काढतो, धुऱ्यावरचा राहू देतो. तुम्हीही एक धुरा सोडून बघा. आणि श्रावणात शेतावर या, पण सकाळी दहाच्या आत. आधी पाकळ्या मोजू, मग केन्याची भजी खाऊ. बाई, तुम्हीही नक्की या. या खेपेला उत्तर चुकणार नाही.