समाज आरतीची शिस्त, मोबाइलवरही

(दिंडीच्या शताब्दी मेळाव्यात सेवा पथकाच्या वतीने केलेले भाषण)



व्यासपीठावरचे दिंडीचालक महाराज, वीणेकरी बाबा, टाळकरी, मृदंगाची साथ करणारी मंडळी, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या माझ्या आयाबहिणी, आणि मागं कनातीला टेकून मोबाइल बघत बसलेली आमची तरणी पोरं, तुम्हां सगळ्यांना माझा दंडवत. पोरांनो, तुमच्याकडे बघून बोलते म्हणून रागावू नका. आजचा विषयच तुमचा आहे.

मला सांगण्यात आलं की, "ताई, सोशल मीडियावरून आपल्या सेवा पथकाचं काम लोकांपर्यंत कसं न्यावं, यावर बोला." मी काही त्यातली जाणकार नव्हे. वारीत माझ्याकडे औषधाचा डबा असतो. फोड आलेले पाय धुवायचे, मलम लावायचं, पट्टी बांधायची, एवढंच माझं काम. पण काही वर्षांपूर्वी त्या डब्याबरोबर पथकाचा मोबाइलही माझ्या हाती आला. त्यानं आपल्याला पुष्कळ दिलं आणि एक गोष्ट नेलीही. दोन्ही सांगते.

शंभर वर्षांपूर्वी आपली दिंडी निघाली तेव्हा मोबाइल कुठला! बातमी चालायची ती पायांनी, बाजाराच्या दिवशी तोंडातोंडी, नाहीतर दवंडीनं. तरी सेवेकरी मिळायचे. म्हणून जुनी मंडळी म्हणतात, "हे मोबाइलचं खूळ कशाला?" त्यांना मी २०२० सालची आठवण देते. त्या आषाढीला रोगाच्या साथीमुळे आपण घरात होतो आणि माउलींच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. २०२१ लाही पायी वारी झाली नाही. त्या दोन वर्षांत पंढरीचं दर्शन आपण कशावर घेतलं? याच मोबाइलवर. आपल्या माजघरात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांनी पडद्यालाच हात जोडले. तेव्हा वस्तू वाईट नाही. तिला शिस्त हवी.

आणि शिस्त बाहेरून आणायची गरज नाही. ती आपल्या वारीतच आहे. समाज आरती आठवा.

पालखी तळावर येते. दिंड्या सभोवती उभ्या राहतात. टाळमृदंगाचा असा गजर चाललेला असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप वर करतात, आणि एवढा मोठा तळ एका क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, निवाडा करतात. हरवलेल्या, सापडलेल्या वस्तूंचा पुकारा होतो. ज्याची वस्तू असेल त्यानं खूण पटवून न्यावी. मग आरती.

माउली, यात सगळं आलं. बोलणारा एक आणि तो कोण ते सगळ्यांना ठाऊक. जे सांगायचं ते ठरल्या जागी, ठरल्या वेळी. वस्तू सापडली तर पुकारा वस्तूचा होतो, ती हरवणाऱ्याच्या गबाळेपणाचा होत नाही. तक्रार असेल तर तिला वाट आहे. आणि काम झालं की शांत. आमच्या मोबाइलवर यातलं काहीच नव्हतं, म्हणून आम्ही चुकलो.

पहिली चूक साधी होती. आम्ही फुलांच्या चौकटीत मजकूर टाकायचो, "सेवेची सुवर्णसंधी! मोठ्या संख्येनं सहभागी व्हा!" हात जोडलेली चित्रं शेकड्यांनी यायची, माणूस एक यायचा नाही. मग एकदा वैतागून मी चार ओळी लिहिल्या. "उद्या दुपारी दोननंतर तरडगावला आपल्या दिंडीच्या तंबूपाशी चपला शिवणारा एक माणूस हवा. दोरा, मेण, खिळे आमच्याकडे आहेत. काम रात्री आठपर्यंत. जेवण दिंडीत." दुसऱ्या दिवशी एक बाबा आपली आरी आणि रापी पिशवीत घालून हजर! त्यांना वाचता येत नव्हतं, मुलानं वाचून दाखवलं होतं. दिवे लागले तरी ते बसून होते. कितीतरी वारकरी सकाळी अनवाणी निघाले असते, ते पायात चप्पल घालून निघाले. निघताना बाबा म्हणाले, "सेवा करा असं समदेच म्हणत्यात. माझी सेवा लागंल असं कुणी म्हणलं नव्हतं."

तेव्हापासून आम्ही "या" असं मोघम लिहीत नाही. कोण हवं, कुठं, कधी, किती वेळ, आणि सोबत काय आणायचं, एवढं लिहितो. परिचारिका होण्याचं शिक्षण घेणाऱ्या मुली अशाच आल्या. तळ झाडायला पोरं अशीच आली.

दुसरी चूक अन्नाची. जेजुरीच्या मुक्कामात भाकरी कमी पडल्या म्हणून एका पोरानं घाईनं टाकलं, "दिंडीत भाकरी कमी आहेत, लवकर पाठवा." ना तारीख, ना वेळ. तासाभरात भाकरी पुरल्या. पण संदेश थांबला का? तो चालतच राहिला. दुसऱ्या दिवशी आपण वाल्ह्याच्या वाटेला लागलो, आणि मागं जेजुरीत भाकरीचे टेंपो उभे! कुणा माउलींनी पहाटे उठून थापलेल्या भाकरी त्या. काही वाटल्या गेल्या, उरलेल्या वाया गेल्या. आमची चार माणसं परत जाऊन ती जागा साफ करून आली. अन्न म्हणजे पूर्णब्रह्म म्हणणारे आपण, आणि आपल्या हातून हे झालं. तेव्हापासून प्रत्येक मागणीवर तारीख, वेळ आणि "अमुक वाजल्यानंतर पाठवू नये" हे असतंच. आणि गरज भागली की "पुरे झालं, माउली" हेही तितक्याच लगबगीनं कळवतो.

आता तिसरी चूक. ही सांगताना जीभ जड होते, पण शंभर वर्षांच्या सोहळ्यात नुसतं गोड बोलून कसं चालेल?

एका वर्षी फलटणच्या मुक्कामात मराठवाड्याकडची एक आजी तंबूत आली. दोन्ही तळव्यांना फोड, एका पायातली चप्पल सुतळीनं बांधलेली. मी पाय धुतले, पट्टी बांधली. पथकातल्या एका पोरानं फोटो काढला आणि खाली लिहिलं, "जिला कुणी नाही, तिची आम्ही लेकरं." टाकण्याआधी त्यानं मला दाखवलं. मी टाक म्हणाले. खरं सांगते, माउली, फोटोत माझे हात दिसत होते, आणि ते मला बरं वाटलं.

फोटो लांबवर गेला. आपल्या पथकाचं नाव झालं. तिसऱ्या दिवशी फोन आला. आजीचा मुलगा होता. म्हणाला, "माझ्या आईला कुणी नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यानं आईला नव्या चपला घेऊन दिल्या होत्या. चिखलानं खराब होतील म्हणून तिनं त्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. गावातली माणसं त्याला विचारत होती, "आईला घराबाहेर काढलंस का रे?"

आम्ही फोटो पुसला. पण आपल्या मोबाइलवरून पुसला म्हणून दुसऱ्यांच्या मोबाइलवरून थोडाच जातो? मी आजीला शोधत तिच्या दिंडीत गेले, पायावर डोकं ठेवलं. तिनं मला उठवलं आणि म्हणाली, "पोरी, पाय मी तुझ्या हातात दिले होते. गावाच्या हातात नव्हते दिले."

पुढच्या वर्षी तिच्या दिंडीतल्या बाया आमच्या तंबूत आल्या. ती आली नाही. ती लंगडत आमच्यासमोरून पुढं गेली.

मोबाइलनं एक गोष्ट नेली म्हणाले ना, ती ही. पोरं म्हणतील, "ताई, विचारून फोटो काढू." मी म्हणते, ज्याच्या हाती तुम्ही आत्ता पाण्याचा तांब्या देताय, तो तुम्हाला नाही कसं म्हणेल? घेणाऱ्याची मान खालीच असते. म्हणून आमच्या पथकात आता विचारणंच बंद आहे. सेवा घेणाऱ्याचा चेहरा, पाय, जखम, ताट, काही टाकायचं नाही. फोटो टाकायचाच तर भरून ठेवलेल्या पाण्याच्या पिंपाचा टाका, घडी घातलेल्या पट्ट्यांचा टाका, दिंडी पुढं गेल्यावर झाडून लख्ख केलेल्या तळाचा टाका. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. लोकांनी दिवसा झाडू बघितलेला असायचा, म्हणून रात्री शब्द ऐकला जायचा. आपली जाहिरात त्या झाडूइतकीच असावी.

आता अफवेचं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी, मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या खोट्या गोष्टी तेव्हा मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं आपल्या देशात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण मर्यादा यंत्राला घातली म्हणून भागत नाही. अंगावर मळके कपडे, खांद्याला झोळी, अनोळखी गावातून चालणारी माणसं, माउली, वारीत आपणही तसेच दिसतो की! तेव्हा "मुलं पळवणारे आलेत, सावध राहा" असा संदेश आला, तर तो वारकऱ्याच्या हातून पुढं जाता कामा नये. लेकरू चुकलेलं दिसलं तर त्याचा फोटो फिरवू नका. जवळच्या पोलीस मदत केंद्रात न्या, नाहीतर १०९८ वर फोन करा. माणूस कोसळला तर चित्रीकरण नको, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

शेवटचं पैशाचं. आमच्या फलकाचं चित्र घेऊन त्यावर दुसराच क्यूआर कोड चिकटवून कुणीतरी फिरवला होता. म्हणून सांगते, देणगी कुणा एकट्याच्या खात्यावर मागायची नाही. खातं संस्थेच्या नावाचं, आणि मागणीवर धर्मादाय कार्यालयातला नोंदणी क्रमांक. देणाऱ्यानं कोड टिपल्यावर पडद्यावर कुणाचं नाव येतं ते वाचायचं, मगच पुढं जायचं. आणि पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. "तुम्हाला पैसे पाठवतो, पिन टाका" असं कुणी म्हणालं तर तो चोर समजा. फसलात तर लाज न बाळगता लगेच १९३० वर कळवा. वारीनंतरच्या एकादशीला मंदिरात जमाखर्च मोठ्यानं वाचायचा, आणि तोच कागद गटावर टाकायचा.

आमच्या गटावर आता फक्त चालकच लिहू शकतात. बाकीच्यांचे टाळ वाजू लागले की आम्ही त्यांना फोन करून ऐकून घेतो. आयाबहिणींचे नंबर परक्यांना दिसू नयेत म्हणून मोठा गट न करता वेगळी यादी केली आहे. आणि एक नियम माझा आवडता. पोरगा मजकूर लिहितो, आणि टाकण्याआधी पथकातल्या एका म्हाताऱ्या माउलीला मोठ्यानं वाचून दाखवतो. तिला अक्षरओळख नाही. ती ऐकते आणि एवढंच सांगते, "हे माझ्याबद्दल लिवलं असतं तर मला चाललं असतं का." तिनं मान डोलावली तर संदेश जातो, नाहीतर राहतो.

पोरांनो, पुढच्या शंभर वर्षांची वारी तुमच्या पायांनी आणि तुमच्या मोबाइलनंही चालायची आहे. तुम्ही त्या मोबाइलवरचे चोपदार आहात. चोपदाराचा मान मोठा, कारण चोप वर करून तो स्वतःकडे लक्ष ओढत नाही, हरवलेलं ज्याचं त्याला मिळवून देतो.

मी दर वर्षी फलटणला तंबूच्या तोंडाशी बसते. ती आजी येते का, बघते. अजून आली नाही. आली, तर मी पाय धुईन, पट्टी बांधीन, आणि त्याची बातमी तुम्हाला कुठंही वाचायला मिळणार नाही.

काही अधिक उणं बोलले असेन तर लेकरू समजून पोटात घ्या.

रामकृष्ण हरी.