बाहुलीचे टोपडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी विद्वान पाहुण्या येतात आणि आपण ऐकतो. यंदा आपल्यातल्याच कोणीतरी बोलावे असे ठरले आणि ते संकट माझ्यावर आले. मला भाषण येत नाही, शिवण येते. म्हणून शिवणाबद्दलच चार शब्द सांगते. तेही पोलक्या-परकराबद्दल नव्हे, तर ज्याला वीतभर कापड पुरते अशा शिवणाबद्दल.

माझ्या लहानपणी आमच्या घरी एक ठकी होती. लाकडाची, रंग उडालेली. तिच्या अंगावर घालायला मी चिंध्यांचे कपडे शिवी. आई मला नवे कापड कापू देत नसे. म्हणायची, "आधी ठकीवर हात बसू दे. ती रडत नाही की तक्रार करीत नाही." बाहुला-बाहुलीच्या लग्नात तिला हिरवा परकर हवा म्हणून मी तीन वेळा कापला आणि तीन वेळा आखूड झाला. पण त्यातून माप आधी आणि कात्री मागून, हे कायमचे शिकले. बाहुलीवर चुकावे, बाळावर चुकू नये, हा आईचा नियम होता.

तो नियम मीच पुढे मोडला. लग्न होऊन १९७६ साली मी इकडे आले. दुसऱ्याच वर्षी नणंदेच्या बाळाचे बारसे होते. नवी सून, कौतुकाची हौस! मी गुलाबी सॅटिनचे झबले शिवले. त्याला लेस, गळ्याशी मणी, पाठीवर चार चकचकीत बटणे. बायकांनी वा वा केली. बाळाने मात्र जो सूर लावला, तो झबले काढीपर्यंत थांबला नाही. रात्री सासूबाईंनी ते झबले उलटे करून माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "सूनबाई, तुम्ही हे बघणाऱ्यांसाठी शिवलेत. घालणाऱ्याला आतली बाजू लागते." मी बोट फिरवले. आत दोऱ्याच्या गाठी होत्या, लेसची टोके टोचत होती, आणि एक मणी तर सुटायच्या बेतात होता. तोंडात गेला असता तर काय झाले असते, या विचाराने त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ट्रंकेतून आपले जुने सुती लुगडे काढले. धुऊन धुऊन मऊ झालेले. पहिले झबले जुन्याचे करायची आपली रीत का, हे मला तेव्हा कळले. नव्या कापडाला खळ असते, ते अंगाला खरखरते. जुन्यातली खळ गेलेली असते, ते घाम टिपते आणि धुतल्यावर आटत नाही.

आता जरा आपल्या गावाकडे वळते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. मग भोसरी, आकुर्डी, चिंचवड असे कारखाने वाढत गेले. १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे चाकणच्या माळावरही कारखाने उभे राहिले. या सगळ्यांबरोबर माणसे आली. कोणी मराठवाड्यातून, कोणी विदर्भातून, कोणी बिहार-उत्तर प्रदेशातून. माणसे आली, पण आजीची ट्रंक गावीच राहिली. म्हणजे मऊ लुगडेही गावी आणि ते फाडून देणारा हातही गावी. माझे आजचे बोलणे या उणिवेबद्दल आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शेजारच्या खोलीत नांदेडकडची एक मुलगी राहते. नवरा चाकणला कंत्राटी कामावर. बाळंतपणाला माहेरी जायचे ठरले होते, तिकीटही काढले होते. परंतु आठव्या महिन्यातच दवाखान्यात न्यावे लागले. मुलगी झाली, वजन सोळाशे ग्रॅम. तिच्या नवऱ्याचा मला फोन आला, "काकू, सिस्टर टोपी आणि मोजे मागताहेत, दुकानात आहेत ते सगळे मोठे होतात." खरेच, दुकानातले टोपडे तिच्या नाकावर येत होते.

मी मापे घ्यायला टेप शोधत होते. माझी नात सात वर्षांची, ती सगळे ऐकत होती. तिने आपल्या कापडी बाहुलीच्या डोक्यावरचे टोपडे काढले आणि म्हणाली, "आजी, हे बघ बरं." ते मी तिला आजोबांच्या जुन्या बनियनचे करून दिले होते. गोल, बिनबटणाचे, ताणणारे. मोजले तर घेर अठ्ठावीस सेंटीमीटर. आम्ही ते गरम पाण्यात धुतले, इस्त्रीने वाळवले आणि सिस्टरना दाखवले. त्यांनी हात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. अशी आणखी दोन द्या." भगिनींनो, आमची बाहुली महिनाभर बोडकी बसली, आणि तिचे टोपडे एका जिवाच्या डोक्यावर होते.

तिथेच मला एक नवी गोष्ट शिकायला मिळाली. अशा कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून तासन् तास ठेवतात. याला कांगारू पद्धत म्हणतात. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशातील बोगोटा शहरी १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली. आज जगभर ती मानली जाते. त्या वेळी बाळाच्या अंगावर फक्त टोपडे, लंगोट आणि मोजे असतात; वरून आईचे वस्त्र. आई थकली की बाप किंवा आजीही तसे घेऊन बसू शकते. म्हणजे ऊब माणसाची, आपण शिवतो ती नुसती मदत. पण डोके उघडे राहिले तर तीच ऊब निघून जाते. म्हणून टोपड्याचे इतके महत्त्व.

आता शिवणाऱ्यांसाठी थोडे सांगते. पुऱ्या दिवसांच्या बाळाचे झबले बारा इंच लांब आणि छातीत वीस इंच घेराचे पुरते. लहानग्यासाठी नऊ आणि पंधरा धरावे. ते पुढून उघडे असावे, म्हणजे डोक्यातून ओढावे लागत नाही. बटणाऐवजी त्याच कापडाचे आखूड बंद बाजूला लावावे, गळ्याशी नव्हे. शिवण बाहेरच्या अंगाला घ्यावी, दिसली तरी चालेल. मोजे उलटे करून आतला प्रत्येक सुटा दोरा कापावा. तो कोवळ्या बोटाला गुंडाळला तर रक्त थांबते. कापड नवे असेल तर कापण्यापूर्वी दोनदा धुवावे.

ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांबद्दल मुद्दाम सांगते. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक उणीव असते आणि या गोळ्यांचा वास लागलेल्या कपड्याने त्यांच्या रक्तपेशी फुटून कावीळ बळावते. कोणत्या बाळात ती उणीव आहे हे आपल्याला दिसत नाही. म्हणून बाळाचे कपडे डांबरगोळ्यांत ठेवूच नयेत.

कुंची आपण हौसेने करतो आणि जरूर करावी. बारशाला, बोरन्हाणाला मिरवावी. मात्र बाळ झोपले की बंद सोडून ती काढून ठेवावी. पहिल्या वर्षात झोपेच्या जागी उशी, जाड गोधडी, कापडी बाहुली ठेवू नये आणि बाळाला उताणे निजवावे, असे डॉक्टर सांगतात. आपल्या हातची बाहुली बाळ मोठे होईस्तोवर फळीवर बसली तर तिचा अपमान होत नाही. तिलाही डोळे दोऱ्याने भरावे, मणी लावू नये.

शेवटी मंडळापुढे एक मागणे मांडते. आपल्या कपाटातला एक खण रिकामा करावा. प्रत्येकीने वर्षात एक जोड शिवून त्यात ठेवावी: दोन टोपडी, दोन झबली, चार लंगोट, मोजे. दवाखान्यात आधी विचारावे, त्यांना काय चालते ते ऐकावे, आणि मगच द्यावे. देताना नाव लिहू नये, फोटो काढू नये. घेणारी कोणाची तरी लेक आहे, माहेर लांब आहे एवढेच.

आणि शनिवारी दुपारी आपल्या मुलींना, मुलग्यांनाही, बाहुलीचे कपडे शिवायला बसवावे. त्यांचा परकर तीन वेळा आखूड होऊ दे. चुकायची जागा तीच आहे.

ती नांदेडची मुलगी आता मागे बसली आहे. तिच्या मांडीवरची चिमुरडी मघापासून माझ्या भाषणात बोलते आहे, त्या अर्थी प्रकृती उत्तम आहे. टोपडे तिने धुऊन परत आणून दिले. नातीने ते बाहुलीला घातले नाही. म्हणाली, "आजी, खणात ठेव. कोणाला तरी लागेल." त्या खणातली ही पहिली वस्तू मी आज मंडळाच्या स्वाधीन करते आणि आपली रजा घेते.