तुसाचा हिशेब



आपल्या कॉलेजच्या याच मैदानावर, अशाच मांडवात, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला मी कॉस्टिंगचं बक्षीस घेतलं होतं. ते देणाऱ्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना आधी नमस्कार करते. प्राचार्यांनी मला सांगितलंय, "फायनान्स सोडून सॉफ्टवेअरमध्ये कशा गेलात ते मुलांना सांगा." सांगते, पण त्यासाठी तुम्हाला मिरजेहून तंजावरला न्यावं लागेल. आपल्याकडे तंबोरे होतात, तिथे फणसाच्या लाकडाच्या वीणा होतात. मला ते गाव परकं वाटलं नाही.

पुण्यातल्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यात मी अकरा वर्षं काढली. महिनाअखेर आली की घरचे जेवायला माझी वाट पाहत नसत. मग कारखान्यात ईआरपी आलं. म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, हिशेब या सगळ्यांची मिळून एकच वही. गोदामात माल उतरवून घेतल्याची नोंद झाली की खतावणीतली नोंद आपोआप पडते. आमच्या खात्यातून त्या कामाला मला बसवलं. बाहेरून आलेली कन्सल्टंट मुलं हुशार होती, पण मार्चअखेरीला प्रोव्हिजन का करतात हे त्यांना मी समजावत असे, आणि ती मुलं काय म्हणताहेत हे आमच्या साहेबांना. इकडचं तिकडे सांगता सांगता लक्षात आलं, की दिवसभरात मला सगळ्यात जास्त आनंद याच तासांचा होतोय.

छत्तिसाव्या वर्षी नोकरी बदलून ईआरपी बसवणाऱ्या कंपनीत गेले. पगार कमी झाला. माझी वरिष्ठ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होती आणि तिच्याकडून मी खूप शिकले. या कामात प्रोग्रॅम लिहावा लागतोच असं नाही. कोणता व्यवहार कोणत्या खात्याला पडायचा, कुणाच्या मंजुरीनं पडायचा, हे आपण ठरवून यंत्रात बसवायचं असतं. त्यासाठी धंदा कळावा लागतो. तुम्ही सगळे जे टॅली शिकता, तेही एका व्यापाऱ्याच्या गरजेतूनच जन्मलं. श्यामसुंदर गोएंकांना आपल्या हिशेबाला हवं तसं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरत गोएंकांना, ते लिहायला लावलं. ही १९८६च्या सुमाराची गोष्ट.

माझं पहिलं स्वतंत्र काम तंजावरजवळच्या एका भात गिरणीचं होतं. कावेरीच्या खोऱ्यातला तो भाताचा मुलूख. गिरणीचे जुने हिशेबनीस सत्तरीला आलेले. तमिळ लोक राव आडनावाच्या मराठी माणसाला 'रायर' म्हणतात, तसे तेही सगळ्यांचे रायर. तंजावरचे मराठे राजे व्यंकोजी यांच्या काळापासून मराठी घरं तिथे आहेत. १८५५ साली राज्य गेलं, पण त्या घरांतली मराठी राहिली. माझ्याशी ते मराठीतच बोलत. त्यांचे शब्द जुने, हेल तमिळ; दोन दिवसांत माझा कान सरावला. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात तिथल्या दरबाराच्या मोडी कागदांचे हजाराहून जास्त रुमाल, म्हणजे बांधलेले गठ्ठे, आहेत. तमिळ मुलखातला कारभार मोडी लिपीत लिहिणारी ती माणसं दोन भाषांच्या मधे उभी राहून काम करत होती, हे रायरांकडे बघून मला उमगलं.

त्यांच्या भिंतीवर टी. माधवरावांचं चित्र होतं. माधवराव १८२८ साली कुंभकोणमच्या मराठी घरात जन्मले आणि तरुणपणी मद्रासला अकाउंटंट जनरलच्या कचेरीत होते. १८४९मध्ये ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले, १८५८च्या सुमारास तिथलेच दिवाण. कर्जात बुडालेलं संस्थान त्यांनी कर्जमुक्त केलं. पुढे इंदूरचे आणि बडोद्याचेही दिवाण झाले. मी नोकरी बदलली हे ऐकल्यावर रायरांनी त्या चित्राकडे नुसता हात केला.

आता माझी चूक सांगते. मी पडद्यावर सगळा व्यवहार मांडून दाखवला: भात आत, तांदूळ बाहेर. शंभर किलो भाताचा सदुसष्ट-अडुसष्ट किलो तांदूळ. मालक खूश झाले. रायर उठले, बाहेर गेले आणि ओंजळभर तूस घेऊन आले. माझ्या कीबोर्डशेजारी कागदावर ते ठेवलं आणि विचारलं, "हे कुठं लिहिलंत?"

मी ते कुठेच लिहिलं नव्हतं. कणी स्वस्त दरानं विकली जाते, कोंडा तेलाच्या कारखान्याला जातो, हे मी धरलं होतं. तुसाचं बिल होत नाही, म्हणून त्याची किंमत शून्य धरली. पण त्या गिरणीत उकडा तांदूळ होतो. भात उकडायला वाफ लागते आणि त्या बॉयलरमध्ये तूसच जळतं. ते नसतं तर जळण विकत आणावं लागलं असतं. उपउत्पादनाचा हा धडा मी याच कॉलेजात शिकले होते, त्याच विषयात बक्षीस घेतलं होतं, आणि तयार सॉफ्टवेअरमधले रकाने भरताना तो विसरले. मुलांनो, हे मला तुम्हाला कळकळीनं सांगायचंय. क्षेत्र बदललंत तरी आधीचं शिकलेलं सोबत न्या. तिथे तेवढंच तुमचं भांडवल असतं.

रविवारी रायर मला बृहदीश्वराच्या देवळात घेऊन गेले. सरफोजीराजांनी १८०३मध्ये कोरवलेला भोसले घराण्याचा प्रचंड मराठी शिलालेख तिथे आहे. तो पाहून झाल्यावर त्यांनी मला राजराज चोळाचे तमिळ लेख दाखवले. देऊळ पुरं झालं १०१०मध्ये, आणि भिंती जमाखर्चानं भरलेल्या! देवळाची रक्कम गावसभांना व्याजानं दिलेली, दर काशू नाण्यामागे वर्षाला आठवा हिस्सा. म्हणजे साडेबारा टक्के. चारशे नर्तकींची नावं, कुणाचं घर कोणत्या गल्लीत तेसुद्धा, आणि प्रत्येकीला भाताचा ठरलेला वाटा. रायर एका ओळीपाशी थांबले आणि मला अर्थ सांगितला. यांतलं कुणी वारलं किंवा परगावी गेलं, तर जवळच्या नातेवाइकानं ते काम करून वाटा घ्यावा. तो त्या कामाच्या लायक नसेल, तर त्यानं लायक माणूस निवडून नेमावा.

मी त्या दगडासमोर बराच वेळ उभी होते. सगळं सुरळीत असताना काय होतं, एवढंच मी गिरणीत विचारलं होतं.

सोमवारी प्रश्न नव्यानं लिहिले. ओलं भात अंगणात वाळून वजन घटलं तर ती घट कुठे टाकायची? पोती काट्यावर असताना वीज गेली तर? व्यापाऱ्यानं अर्धा माल परत पाठवला तर? शेवटचा प्रश्न विचारायला मला जड गेलं: रायर, तुम्ही नसाल तेव्हा?

त्यांनी दोन दिवस घेतले. त्यांचा मुलगा चेन्नईला बँकेत आहे, त्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. काट्यावर वजनं लिहिणाऱ्या एका तमिळ मुलीला बोलावलं आणि माझ्याशेजारच्या खुर्चीत बसवलं. तीन महिने ती आम्हा दोघांकडून शिकली.

गेल्या मार्चअखेरीला तिचा फोन आला. तुसाच्या साठ्यात फरक येत होता. बॉयलर रात्रपाळीला चालला होता आणि जळलेल्या तुसाची नोंद दुसऱ्या दिवसाच्या तारखेला पडली होती. मी प्रश्न विचारायला सुरुवात केली, तेव्हा ती म्हणाली की फरक तिनं शोधलाय, तारीखही दुरुस्त करून घेतलीय. रायर शेजारी बसलेत आणि हे मला कळवायला त्यांनी सांगितलंय.

बक्षिसं घेणारी मुलं ताटकळली आहेत. त्यांना बोलवा.